बेल कर्व्ह : सक्तीची क्रमवारी

कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कामगिरीचे मूल्यमापन करताना प्रत्येक श्रेणीत किती टक्के माणसे बसवायची हे आधीच ठरवून ठेवण्याच्या पद्धतीला माहिती तंत्रज्ञान उद्योगात बेल कर्व्ह, म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा घंटाकृती वक्र, म्हणतात. व्यवस्थापनशास्त्रात सक्तीची वाटणी आणि सक्तीची क्रमवारी असे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात माणसे श्रेणींमध्ये विभागली जातात, तर दुसऱ्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला क्रमांक दिला जातो. व्यवहारात आधी क्रमवारी लावून मग तिचे श्रेणींमध्ये तुकडे केले जात असल्याने या नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे. पगारवाढ, बढती, बोनस आणि काही ठिकाणी नोकरी टिकणे या सर्वच गोष्टी या श्रेणीवर अवलंबून असतात. त्यामुळे वरिष्ठ आणि हाताखालचे यांच्यातील, तसेच एकाच चमूतील सहकाऱ्यांमधील संबंधांवर या पद्धतीचा खोल परिणाम होतो.

उगम : पद्धतीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. लोकप्रिय लेखनात तिचे जनकत्व जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे १९८१ ते २००१ या काळातील मुख्य कार्यकारी अधिकारी जॅक वेल्च यांना दिले जाते. त्यांच्या कारकिर्दीत व्यवस्थापकांची वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के अशी विभागणी केली जाई व तळातल्यांनी कंपनी सोडावी अशी अपेक्षा असे. वेल्च यांनी या विभागणीला प्रतिष्ठा मिळवून दिली यात शंका नाही. परंतु माणसांचे मोजमाप एकमेकांशी तुलना करून करण्याची कल्पना त्यांच्याहून बरीच जुनी आहे.

काही अभ्यासक तिचे मूळ विद्यापीठीय गुणदानात शोधतात. मिसूरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मॅक्स मेयर यांनी १९०८ मध्ये प्राध्यापकांच्या मनमानी गुणदानावर टीका करून विद्यार्थ्यांच्या श्रेणींचे प्रमाण आधीच निश्चित करण्याचा आग्रह धरला. त्यात निम्मे विद्यार्थी मधल्या श्रेणीत असावेत अशी कल्पना होती. दुसरा मतप्रवाह लष्करी परंपरेकडे बोट दाखवतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, वॉल्टर डिल स्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकी सैन्यात अधिकाऱ्यांसाठी एक मापनपट्टी वापरण्यात आली. तीत प्रत्येक गुणासाठी मूल्यमापकाने स्वतःच्या माहितीतील पाच अधिकारी सर्वोत्तमापासून सर्वांत कनिष्ठापर्यंत मांडायचे आणि ज्याचे मूल्यमापन करायचे तो त्यांपैकी कोणाच्या जवळ येतो हे ठरवायचे असे. मात्र या पट्टीत टक्केवारीची सक्ती नव्हती, त्यामुळे तिला बेल कर्व्हची थेट पूर्वज म्हणणे थोडे धाडसाचे ठरेल.

तिसऱ्या मतानुसार या पद्धतीचे खरे मूळ संख्याशास्त्रात नसून पगारवाढीच्या अंदाजपत्रकात आहे. प्रत्येक विभागाला वाढीसाठी ठरावीक निधी मिळतो. व्यवस्थापकांना मोकळीक दिली तर श्रेणी वरवर सरकत जातात आणि निधी पुरत नाही. म्हणून प्रत्येक श्रेणीचा वाटा आधीच बांधून टाकला जातो. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण कंपन्यांनी प्रत्यक्ष वापरलेल्या टक्केवाऱ्या घंटाकृती वक्राशी जुळतच नाहीत. वेल्च यांची २०-७०-१० ही विभागणी सममित नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये लागू केलेली पाच श्रेणींची विभागणी, प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, वरून खाली २०, २०, ४०, १३ आणि ७ टक्के अशी होती. सममित वक्रात दोन्ही टोके सारखी असतात. येथे वरच्या टोकाला तळाच्या जवळजवळ तिप्पट जागा आहे. वक्राचे नाव बहुधा नंतर आले आणि पद्धतीला शास्त्रीयतेचा मुलामा देऊन गेले.

गणिती आधार : घंटाकृती वक्र, ज्याला संख्याशास्त्रात प्रसामान्य वक्र म्हणतात, हा मुळात खगोलशास्त्रीय निरीक्षणांतील चुकांच्या संदर्भात विकसित झाला आणि १८३५ च्या सुमारास बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले यांनी तो मानवी गुणवैशिष्ट्यांना लावला. परस्परांपासून स्वतंत्र असे अनेक लहान घटक एकत्र येतात आणि समूह मोठा व न निवडलेला असतो तेव्हा असा वक्र अपेक्षित असतो. लेखी परीक्षा आणि मुलाखतींच्या गाळणीतून आलेल्या अभियंत्यांच्या चमूला यांपैकी शेवटची अट तरी लागू पडत नाही.

समूह लहान असला की अडचण आणखी वाढते. एखाद्या मोठ्या कंपनीतील तळाचे १० टक्के लोक सर्व चमूंमध्ये यादृच्छिक विखुरलेले आहेत असे गृहीत धरले, तरी १० जणांच्या चमूत त्यांपैकी एकही नसण्याची संभाव्यता सुमारे ३५ टक्के आणि नेमका एक असण्याची सुमारे ३९ टक्के येते. याचा अर्थ, दर चमूमागे एक बळी मागणारा नियम निम्म्याहून अधिक चमूंमध्ये चुकीची संख्या मागतो. विभाग मोठा घेऊन वक्र लावला तर हा दोष कमी होतो, पण मग तुलना करणाऱ्यांना तुलना होणाऱ्यांचे काम जवळून माहीत नसते.

कामगिरीची वाटणी घंटाकृती असतेच का, हाही वादाचा विषय आहे. ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक असलेले विल्यम शॉकली यांनी १९५७ मध्ये प्रयोगशाळांतील संशोधकांच्या प्रकाशित लेखांची मोजदाद करून ती वाटणी लॉग-नॉर्मल, म्हणजे एका बाजूला लांब शेपूट असलेली, असल्याचे दाखवले. (त्याच वर्षी त्यांच्या व्यवस्थापनाला कंटाळून आठ सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली, माणसे मोजणे आणि माणसे सांभाळणे ही कौशल्ये वेगळी आहेत.) अर्नेस्ट ओबॉयल आणि हर्मन अगिनिस यांनी २०१२ मध्ये १९८ नमुन्यांतील ६,३३,२६३ व्यक्तींच्या विदेच्या आधारे बहुतेक क्षेत्रांत वाटणी घात-नियमाच्या (पॉवर लॉ) जवळ जाते, म्हणजे मोजक्या व्यक्तींचा वाटा फार मोठा असतो, असा निष्कर्ष काढला. त्यांच्या नमुन्यांत संशोधक, कलावंत, राजकारणी आणि खेळाडू होते. कचेरीतील सांघिक कामाला हा निष्कर्ष कितपत लागू करावा याबद्दल मतभेद आहेत.

कार्यपद्धती : श्रेणी ठरण्याची खरी जागा म्हणजे कॅलिब्रेशनची बैठक, भारतात तिला नॉर्मलायझेशन असेही म्हणतात. एका विभागाचे सर्व व्यवस्थापक तीत आपापल्या माणसांची बाजू मांडतात आणि वरच्या श्रेणीतील मोजक्या जागांसाठी घासाघीस होते. कर्मचाऱ्याच्या थेट व्यवस्थापकाने दिलेली श्रेणी ही केवळ शिफारस असते. त्यामुळे व्यवस्थापकाच्या नेतृत्वगुणाची कसोटी चमूसमोर नव्हे, तर या बंद खोलीत लागते : त्याचे वरिष्ठांशी संबंध कसे आहेत, तो किती ठामपणे बोलतो, मागच्या वर्षी कोणाला सवलत दिली होती, यांवर निकाल अवलंबून राहतो. नव्या उत्पादनाचे काम चटकन सांगता येते. जुन्या प्रणालीची देखभाल, चाचणी किंवा नवशिक्यांना दिलेली मदत सांगायला कठीण जाते आणि असे काम करणारे मागे पडतात. नुकतीच बढती मिळालेले आणि वर्षात दीर्घ रजेवर असलेले लोक खालच्या श्रेणीसाठी सोयीचे ठरतात अशीही तक्रार वारंवार केली जाते. बैठकीनंतर मात्र निर्णय आपलाच असल्यासारखा कर्मचाऱ्याला समजावून सांगण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर येते.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण : तंत्रज्ञान उद्योगातील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. तेथे अनेक वर्षे २.५ ते ५ या मापावर वक्र लावला जाई. २००६ मध्ये मनुष्यबळ प्रमुख लिसा ब्रमेल यांनी ही पद्धत सैल केली. २०११ मध्ये पाच श्रेणी आणि ठरावीक टक्केवारी पुन्हा आली. २०१२ मध्ये अमेरिकी नियतकालिकांत माजी कर्मचाऱ्यांची जी कथने प्रसिद्ध झाली त्यांत एकच सूत्र दिसते : कुशल अभियंते दुसऱ्या कुशल अभियंत्यांच्या चमूत जाणे टाळत, कारण तेथे कोणीतरी तळाला जाणार हे ठरलेले असे, आणि सहकाऱ्याला माहिती पूर्ण न देण्यात फायदा असे. ही कथने असमाधानी माणसांची आहेत हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने वक्र आणि श्रेणी दोन्ही रद्द करताना सांघिक कामाचेच कारण पुढे केले. सत्या नडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. म्हणजे ज्या बदलाचे श्रेय पुष्कळदा त्यांच्या नेतृत्वशैलीला दिले जाते त्यातील हा भाग त्यांच्या आधीचा आहे. अडोबीने वार्षिक मूल्यमापन २०१२ मध्येच सोडले होते. याहूमध्ये मात्र मुख्य कार्यकारी अधिकारी मारिसा मेयर यांच्या काळात साधारण याच सुमारास तिमाही श्रेणी सुरू झाल्या.

परिणामांविषयीचे संशोधन : अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझिअर आणि शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या स्पर्धा-सिद्धांतानुसार, कामाचे निरपेक्ष मोजमाप अवघड असेल तर क्रमांकानुसार बक्षीस देणे कार्यक्षम ठरू शकते. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केलेल्या संगणकीय प्रतिरूपणात तळाच्यांना काढत राहण्याचा लाभ पहिल्या काही वर्षांतच मिळतो आणि पुढे झपाट्याने आटतो असे आढळले. बर्गर, हार्ब्रिंग आणि स्लिव्का यांच्या २०१३ मधील प्रयोगांत सक्तीच्या वाटणीने उत्पादकता ६ ते १२ टक्क्यांनी वाढली. पण सहभागींना एकमेकांच्या कामात अडथळा आणण्याची मुभा देताच परिणाम उलटा झाला. सॉफ्टवेअरच्या कामात अशी मुभा नेहमीच असते, म्हणून या क्षेत्रापुरता प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. गुणवत्ता व्यवस्थापनाचे तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तर वार्षिक गुणांकनाची गणना व्यवस्थापनाच्या घातक रोगांत केली होती.

भारतातील स्थिती : बंगळुरू, हैदराबाद, पुणे येथील सेवा कंपन्यांत ही पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. येथे श्रेणी केवळ गुणवत्तेवर नव्हे, तर प्रकल्प मिळणे, ग्राहकाकडून काम बिल होणे (कामाचे पैसे ग्राहकाला आकारता येणे) आणि बेंचवरील, म्हणजे प्रकल्पाविना गेलेला, काळ यांवरही ठरते. ज्या गोष्टी कर्मचाऱ्याच्या हातात नसतात त्यांचा भार त्यामुळे त्याच्या श्रेणीवर पडतो. इन्फोसिसने २०१५ च्या सुमारास सक्तीचा वक्र सोडल्याचे जाहीर केले. शासकीय सेवेतील गोपनीय अहवालांत अशी टक्केवारीची सक्ती नाही. तेथील वाद पारदर्शकतेचा होता आणि देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवणे आवश्यक ठरवले.

कायद्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा कपातीचा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार कामगार कपात करताना सामान्यतः शेवटी आलेला प्रथम काढावा लागे, आणि वेगळे करायचे असल्यास मालकाने कारणे नोंदवावी लागत; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. तळाच्या श्रेणीतील माणसे काढण्याचा मार्ग याच्याशी विसंगत आहे. परंतु हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरणाऱ्यांनाच मिळते आणि पर्यवेक्षकीय किंवा व्यवस्थापकीय काम करणारे बहुतांशी त्याबाहेर राहतात. अभियंता कोणत्या गटात मोडतो हे पदनामावरून नव्हे, तर तो प्रत्यक्ष करीत असलेल्या मुख्य कामावरून ठरते. व्यवहारात मात्र कामगिरी सुधार योजनेत, म्हणजे पीआयपीत, टाकलेल्या कर्मचाऱ्याकडून राजीनामाच घेतला जातो अशा तक्रारी आहेत आणि तसे झाले की कपातीचा प्रश्न कागदावर उद्भवत नाही.