ग्रामीण कर्णबधिरांसाठी सीएसआर निधी : इंदूरच्या संस्थांनी अर्ज कसा करावा

देपालपूर, सांवेर किंवा महूच्या खेड्यांतील कर्णबधिर तरुणांना शिवणकाम वा संगणक शिकवू पाहणाऱ्या इंदूरच्या मराठी मंडळांची तळमळ खरी असते, पण कंपनीपुढे बसल्यावर कागद अपुरे पडतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते; हाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी. अशा कामांची यादी देणाऱ्या, याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विशेष शिक्षण आणि दिव्यांगांची रोजगारक्षम कौशल्ये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगत असल्याने आधी इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांकडे जावे.

अर्जदार ही नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कलम ८ खालील (ना-नफा) कंपनी असावी, तिच्याकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता असावी आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे संस्थेच्या नोंदणीचा सीएसआर-१ अर्ज भरणे बंधनकारक आहे. त्याला संस्थेचा पॅन, पदाधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी आणि सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांचे प्रमाणन लागते. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील नोंदणीही हवी.

लाभार्थ्यांच्या कागदांना सर्वांत जास्त वेळ लागतो. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र) स्वावलंबन संकेतस्थळावर आधार, छायाचित्र व पत्त्याच्या पुराव्यासह अर्ज केल्यावर श्रवण तपासणी होते. दोन्ही कानांत किमान ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असल्यास कायदा त्या व्यक्तीला बधिर मानतो. आम्ही नेलेल्या एका मुलाला आवाज आला की बोट वर करायचे, हेच कोणी समजावले नव्हते. तो तपासनिसाच्या चेहऱ्याकडे पाहून बोट हलवत राहिला आणि तपासणी पुन्हा करावी लागली. म्हणून सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती सोबत न्यावीच.

हाच दुभाषी प्रस्तावातही दिसला पाहिजे. प्रशासकीय खर्चावरील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाला लागू होते, प्रकल्पाच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीला नाही. त्यामुळे दुभाष्याचे मानधन व खेड्यापर्यंतचे प्रवासभाडे प्रशिक्षण खर्चातच, स्वतंत्र ओळीत मांडावे.