टास्क मॅनेजरमधले बारा टक्के

मार्चअखेर जवळ आली की इंदूरच्या सियागंजातल्या पेढ्यांवर टॅली सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रेंगाळतो. जेल रोडला दुरुस्तीला नेला तर 'भाईसाब, नया ले लो' ऐकावं लागण्याची शक्यता दांडगी. त्याआधी विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे सध्या काय काय चालू आहे आणि कोण किती ताण देतंय त्याची यादी, तरी बघावा. तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या डेव्ह प्लमर यांनी लिहिलेलं हे साधन 1996 च्या विंडोज एनटी 4.0 पासून सोबत येतं. युनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांकडे असंच काम करणारं 'टॉप' त्याच्याही आधीपासून, 1984 पासून आहे.

डिस्कवर पडलेला प्रोग्राम म्हणजे नुसती फाइल. ती चालवली की प्रोसेस तयार होते. तिला स्वतःचा क्रमांक आणि मेमरीत स्वतंत्र जागा मिळते. क्रोम तर 2008 साली आला तोच टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवून, म्हणजे एक कोसळली तरी बाकीचे टॅब शाबूत. तेव्हा यादीत एकच नाव वीसदा दिसलं की व्हायरस शिरला, असं समजू नये.

आता टक्क्यांचं. कोणत्या प्रोसेसने प्रोसेसर किती वेळ वापरला, याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम सतत ठेवते. टास्क मॅनेजर थोड्या थोड्या वेळाने तो वाचतो आणि मागच्या आकड्याशी फरक काढतो. (तोही एक प्रोसेसच, म्हणून यादीत स्वतःचंही नाव दाखवतो. प्रामाणिक आहे!)

फसगत होते ती पुढे. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे अनेक भाग, म्हणजे कोर, असतात. विंडोज हे टक्के सगळे कोर मिळून काढतं. आठ कोरच्या मशीनवर एखादा प्रोग्राम एकाच कोरवर गरगर फिरत अडकला, तर त्याच्यासमोर जेमतेम 12-13 टक्के दिसतात आणि आपण त्याला निर्दोष सोडतो. तीच प्रोसेस युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सच्या 'टॉप'मध्ये सहसा 100 टक्के दाखवते, कारण तिथे माप एका कोरचं. उलट, 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे 95 दिसले की लोक घाबरतात. तो तर प्रोसेसरचा रिकामा वेळ.

मेमरी बरीच भरलेली दिसली तरी लगेच काळजी नको. पुन्हा लागतील अशा फाइली सिस्टिम तिथे मुद्दाम ठेवते. माझ्या मते जुन्या मशीनवर आधी डिस्कचा रकाना पाहावा. जुनी फिरती हार्ड डिस्क तिथे सतत 100 वर असेल, तर नव्या कॉम्प्युटरऐवजी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, भागू शकतं.

प्रोसेस बंद पाडणारं 'एंड टास्क' बटण शेवटी, कारण सेव्ह न केलेल्या नोंदी जातात. लिनक्सवर 15 क्रमांकाचा सिग्नल प्रोसेसला आवरतं घ्यायला सांगतो. 9 क्रमांकाचा विचारतही नाही. आणि नाव अनोळखी वाटलं तर मारण्याआधी राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा. विंडोजच्या सेवा चालवणारं 'एसव्हीसीहोस्ट' (svchost) विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरात असेल तर ते घरचंच. डाउनलोड्समध्ये सापडलं, तर अँटिव्हायरस चालवा.