घरी नकोसे, परदेशी हवेसे: डिव्हाइन वर्ड संघाची पार्श्वभूमी

डिव्हाइन वर्ड संघ (एसव्हीडी) हा कॅथलिक मिशनरी संघ वळणाने जर्मन, पण जन्मला हॉलंडमध्ये. कारण राजकीय होतं. १८७१ नंतर जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कने जर्मनीतल्या कॅथलिक चर्चला वेसण घालायला घेतली. धर्मगुरूंचं शिक्षण आणि नेमणुका यांवर सरकारी अंकुश आला, बिशप तुरुंगात जाऊ लागले. नेमक्या त्याच वेळी गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या फादर आर्नोल्ड यान्सेन यांनी परदेशी मिशनसाठी संस्था काढायचं मनावर घेतलं. इथे चर्चच टिकतंय की नाही आणि हे चीनला माणसं पाठवणार, म्हणून अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. मायदेशात परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. मग सरहद्दीपलीकडे, मास नदीकाठच्या स्टेयल गावात एक जुनी खाणावळ घेऊन ८ सप्टेंबर १८७५ला काम सुरू झालं.

पुढच्याच वर्षी तिथे छापखाना आला. माझ्या मते संघ तगला तो त्याच्या जोरावर. मासिकं घरोघर गेली, वर्गणी आली आणि ती वाचून पोरंही आली.

१८७९मध्ये योसेफ फ्राइनाडेमेट्झ आणि योहान आन्झर हे संघाचे पहिले मिशनरी चीनला निघाले. पुढे दक्षिण शांडोंग हे त्यांचं क्षेत्र ठरलं. चीनमधल्या कॅथलिक मिशनऱ्यांवर तोवर फ्रान्सचं छत्र होतं. बिशप झालेल्या आन्झर यांनी १८९०मध्ये ते सोडून जर्मन छत्र पत्करलं. ज्या सरकारने घरी जगू दिलं नव्हतं, त्याचाच आसरा! तो महागात पडला. १ नोव्हेंबर १८९७च्या रात्री ज्युये परगण्यात हेन्ले आणि नीस या दोन मिशनऱ्यांचा खून झाला. तिथले यजमान फादर श्टेन्झ यांनी आपली खोली पाहुण्यांना दिली होती, म्हणून ते वाचले. कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, निमित्तच हवं होतं. दोन आठवड्यांत जर्मन आरमाराने जाओझोऊचा उपसागर ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावामागच्या संतापात या प्रकरणाचाही वाटा होता. फ्राइनाडेमेट्झ मात्र तिथल्या लोकांत मिसळून राहिले आणि १९०८मध्ये तिथेच वारले. त्यांना आणि यान्सेन यांना २००३मध्ये एकाच दिवशी संतपद मिळालं.

टोगो, ब्राझील, न्यू गिनी अशी यादी वाढत गेली. अमेरिकेत संघाने मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, काढली. वर्णभेदाच्या त्या दिवसांत, १९३४मध्ये, तिथून पहिले चार धर्मगुरू दीक्षित झाले. भारतात संघ १९३२मध्ये इंदूर भागात आला. निमाडातल्या बलाही समाजाचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन फुक्स याच संघाचे.

आता प्रवाह उलटा वाहतो. संघात आशियाई सदस्य सर्वाधिक आहेत, त्यांतही इंडोनेशियाचे फार. युरोपात धर्मगुरूंचा तुटवडा आहे, म्हणून जर्मनीतल्या चर्चमध्येही या आशियाई सदस्यांची नेमणूक होते.