मेपलच्या दस्त्यावरचे पट्टे

अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परिसरात जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी घडवलेली लांब नळीची, ठासणीची रायफल पाहताना नजर प्रथम खिळते ती लाकडावरच्या गडद-फिकट आडव्या पट्ट्यांवर. हे पट्टे कुंचल्याने रंगवलेले नाहीत. काही मेपल वृक्षांचे तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात, त्यामुळे असे लाकूड उभे कापले की पृष्ठभागावर कुठे तंतूंची बाजू येते, तर कुठे त्यांची टोके. कारागीर नायट्रिक आम्लात लोखंडाचा कीस विरघळवून तो द्राव दस्त्यावर फासत आणि मग तापलेले लोखंड जवळ धरून लाकूड शेकत. उष्णतेने लोहाच्या क्षाराचे विघटन होऊन तांबूस-तपकिरी ऑक्साइड लाकडाच्या आतच तयार होई. जिथे तंतूंची टोके उघडी असत तिथे द्राव अधिक मुरे आणि रंग गडद उतरे. बंदूक हातात जरा फिरवली की पट्टे जागच्या जागी उजळतात आणि मावळतात, कारण प्रत्येक पट्ट्यातले तंतू प्रकाश वेगळ्या दिशेला परतवतात. माझ्या मते या रायफलीचे सर्वांत सुंदर अलंकरण हेच.

नळी बहुधा 42 ते 46 इंचांची असे. लोखंडाची चपटी पट्टी सळईभोवती वळवून, थोडा थोडा भाग पांढरा होईपर्यंत तापवून, ऐरणीवर ठोकत ती सांधली जाई. आतल्या मळसूत्री खाचा पाडणाऱ्या दांड्याला पोलादी दात असे. दाताखाली कागदाचा तुकडा सरकवला की तो किंचित वर येई आणि पुढच्या फेरीत खाच केसभर खोल होई. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि नेम दूरवर टिकतो.

गोळी खाचांत घट्ट बसावी म्हणून ती चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात धरून ठासत. हे तुकडे ठेवायला दस्त्यात एक खोबण असे आणि तिच्यावर बिजागरीचे पितळी झाकण. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या दशकांत याच झाकणावर कोरीवकामाची चढाओढ लागली. लाकडावर रोकोको या नाजूक, वळणदार युरोपीय शैलीच्या वेलबुट्ट्या उमटल्या आणि चांदीच्या चांदण्या, चंद्रकोरी जडवल्या गेल्या. लँकेस्टरच्या झाकणाच्या टोकाला बहुधा डेझीचे फूल दिसते. जेकब डिकर्टसारखे कारागीर नळीवर आपले नाव कोरत, पण अनेकांनी ते कोरले नाही. अशा बंदुकांचा प्रांत आणि घडवणारा हात अभ्यासक आजही झाकणाच्या आकारावरून व कोरीवकामाच्या वळणावरून ठरवतात.