प्रसूतीकालीन हृदयस्नायूविकार

आधी हृदयाचे कोणतेही दुखणे नसलेल्या स्त्रीच्या हृदयाचा स्नायू गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत दुबळा होतो आणि त्याला पुरेसे रक्त पुढे ढकलता येत नाही. डॉक्टर याला 'पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. १९७१ साली मांडलेल्या निकषांत शेवटचा महिना ते प्रसूतीनंतरचे ५ महिने अशी मुदत होती. २०१० साली युरोपीय तज्ज्ञांनी ती सैल केली. दुसरे कारण सापडत नसेल आणि एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या जवनिकेचे (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचे) 'इजेक्शन फ्रॅक्शन', म्हणजे दर ठोक्याला त्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते तो आकडा, साधारण ४५ टक्क्यांच्या खाली दिसले, तर हे निदान होते. निरोगी हृदयात हा आकडा ५५ च्या वर असतो.

हा आजार बाळंतिणीच्या खोलीत सहज लपतो. थकवा, पायावर सूज, जिना चढताना लागणारी धाप हे सगळे गरोदरपणातही होते, आणि ओल्या बाळंतिणीला थकवा असायचाच, असे घरची माणसे धरून चालतात. नागपूरकडे बाई सांगते, "आडवं झालं का दम भरते." या एका वाक्याकडे कोणी कान दिला तर जीव वाचतो. उशा रचून बसल्याबसल्या झोपावे लागणे, रात्री गुदमरून जाग येणे, कोरडा खोकला, छातीत धडधड ही बाळंतपणाची साधी कुरकुर नव्हे. अनेकदा तिला दमा, न्यूमोनिया किंवा रक्त कमी असल्याचे सांगून औषध दिले जाते आणि मोलाचे दिवस जातात.

नेमके कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाचा एक तुटलेला अंश आणि वारेतून स्रवणारी काही प्रथिने हृदयातील बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतात, असे संशोधन सांगते. काहींमध्ये स्नायूतील एका प्रथिनाच्या, 'टायटिन'च्या, जनुकातील दोषही आढळतो. गरोदरपणातला उच्च रक्तदाब, जुळी आणि तिशीनंतरचे बाळंतपण यांत धोका जास्त.

विदर्भात मात्र धाप लागली की आणखी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली, लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली हृदयाची झडप. ती गरोदरपणी वाढलेल्या रक्ताच्या भाराखाली प्रथमच बोलू लागते. हे रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. दुसरा सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. नागपुरात अशा बाईला 'मेडिकल' किंवा 'मेयो'त, म्हणजे दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, नेता येते.

उपचारात पाणी उतरवणारी औषधे, हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर आणि गरज पडल्यास प्राणवायू देतात. रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचा भार हलका करणारी एसीई इनहिबिटर औषधे गर्भाला घातक, म्हणून प्रसूतीनंतरच. फ्रॅक्शन फार घसरले असेल तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन देतात. प्रोलॅक्टिन रोखणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिनने काहींना फायदा होतो, पण दूध आटते. मिठाचे पापड-लोणचे कमी करावे लागते.

निम्म्याच्या आसपास स्त्रियांचे हृदय बहुधा ६ महिन्यांत पूर्ववत होते. मातामृत्यूची नेहमीची मोजणी मात्र ४२ दिवसांवर थांबते. सव्वा महिन्याची आंघोळ झाल्यावर घरचेही निर्धास्त होतात. आजार त्यानंतरही येऊ शकतो.

पुढचे मूल हा इथला सर्वांत नाजूक प्रश्न. हृदय पूर्ण सावरले नसेल तर दुसरे गरोदरपण जिवावर बेतू शकते, आणि सावरले असले तरी आजार उलटण्याची शक्यता उरते. म्हणून एको करून ठरवेपर्यंत तांबी बसवावी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. हे सुनेबरोबर नवऱ्याला आणि सासूलाही बसवून सांगायला हवे.