अमोनियाच्या २५ या आकड्यामागे

रावेर-सावदा पट्ट्यात केळीसाठी उभ्या राहिलेल्या कोल्ड स्टोरेजपैकी जिथे अमोनियावर कूलिंग चालते, तिथे गळती शोधायची जुनी रीत म्हणजे गंधकाची काडी. पेटवलेली काडी पाइपच्या जोडापाशी फिरवायची. जिथे गळती, तिथे पांढरा धूर दाटतो. जागा सापडते, पण खोलीतल्या हवेत अमोनिया किती आहे हे काडीला सांगता येत नाही. नाकावरही भिस्त ठेवता येत नाही. अमोनियाचा वास थोड्या प्रमाणातही झणझणतो खरा, पण नाक त्याला लवकर सरावते. मग डोळ्यांतून पाणी येत असतानाही माणूस म्हणतो, ‘आता वास नाही.’

नाकाऐवजी मोजमाप, हा विचार जर्मनीत रुजला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लेहमान यांनी १८८६ मध्ये प्राण्यांवर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांचे प्रयोग केले आणि किती प्रमाणाला काय होते ते नोंदवले. पुढे अमेरिकेतल्या सरकारी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने १९४६ मध्ये कामाच्या जागी हवेत कोणते रसायन किती चालेल, याच्या मर्यादांची यादी काढली. आज कारखान्यांत ‘टीएलव्ही’ (थ्रेशोल्ड लिमिट व्हॅल्यू) म्हणतात ती हीच. १९६८ च्या यादीत अमोनिया ५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग, होता. तोच आकडा अमेरिकी सरकारने १९७१ मध्ये नियमात घेतला आणि तिथल्या नियमात तो अजून तसाच आहे. परिषदेने मात्र आपला आकडा नंतर २५ वर आणला.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात सुरुवातीला असा तक्ताच नव्हता. तो यायला भोपाळ व्हावे लागले, याचे दुःख कमी होत नाही. १९८४ च्या त्या डिसेंबरनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कलम ४१-फ आणि दुसरी अनुसूची आली. भोपाळमध्ये सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा तिथे ०.०२ पीपीएम होती. क्लोरीन १, हायड्रोजन सल्फाइड १०, अमोनिया २५. अमोनियाला १५ मिनिटांपुरती सूट ३५ पर्यंत. २५ पीपीएम म्हणजे किती? हजार लिटरच्या रिकाम्या टाकीत चहाचे पाच चमचे भरतील एवढा वायू.

हे आकडे बहुतांशी त्या अमेरिकी यादीतलेच, आणि ती यादी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४० तास धरून केलेली. आपल्या अधिनियमात आठवडा ४८ तासांचा होता. माझ्या मते आकडा घेताना हा हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. त्यातून माल कापणीचा जोर असला की कंप्रेसर रूममधला माणूस १२ तासही थांबतो. २५ पीपीएमची हवा १२ तास घेतली, तर ८ तासांच्या सरासरीने ती ३७.५ पडते.