डायव्हर्शनवर ट्रकने उडवले, तर भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा?

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून या रस्त्याने जाणाऱ्याला रात्री अचानक समोर येणारे डायव्हर्शन आणि दिवे न लावता कडेला उभा केलेला डंपर नवा नाही. अशा ठिकाणी अपघात झाला की पुरावा फार काळ टिकत नाही. रात्री नसलेला फलक सकाळी उभा असतो आणि खडीचा ढीगही सरकलेला असतो. त्यामुळे जमेल तितक्या लवकर फोटो काढा, आणि फलक, रिफ्लेक्टर, बॅरिकेड, उजेड यांपैकी काय नव्हते ते घटनास्थळ पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. रस्त्याच्या कामावर वाहतूक कशी सांभाळायची, याची इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी 55’ ही मार्गदर्शिका आहे. वकील तिचा आधार घेऊ शकतो.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली होतो. जखमी स्वतः किंवा मृताचे वारस तो करू शकतात. अपघात झाला तो भाग, अर्जदाराचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण, किंवा प्रतिवादीचे ठिकाण, यांपैकी कुठलेही न्यायाधिकरण चालते. रायगडात अपघात झाला म्हणून साताऱ्याच्या माणसाने अलिबागला खेटे घालायची गरज नाही. 1 एप्रिल 2022 पासून मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. पोलिसांनी 90 दिवसांत न्यायाधिकरणाला सविस्तर अपघात अहवाल द्यायचा असतो. तोही अर्ज म्हणून धरला जातो, तरी आपला अर्ज वेगळा टाकलेला बरा.

प्रतिवादी म्हणून ट्रकचा चालक, मालक आणि विमा कंपनी येतातच. डंपर किंवा टँकर रस्त्याच्या ठेकेदाराचा असेल, तर मालक म्हणून तोही आला. वाहन दुसऱ्याचे पण डायव्हर्शन सदोष, अशा वेळी ठेकेदाराला जोडण्यावर हरकत येऊ शकते. ती वकिलाने आधीच हाताळावी. दोघांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर पूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाकडूनही मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. रस्त्याच्या दर्जात कुचराई करणाऱ्या ठेकेदाराला कलम 198अ खाली 1 लाखापर्यंत दंड आहे. पण तो मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो, पीडिताच्या हाती काही पडत नाही.

रक्कम कशी निघते? समजा मृत 32 वर्षांचा, महिना 15,000 कमावणारा, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे 1,80,000, त्यात भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000. स्वतःवरच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 1,89,000. या वयाला गुणक 16, म्हणजे 30,24,000 रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. चूक सिद्ध न करता कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला 2.5 लाख मिळतात. मात्र ते विमा कंपनीच्या तडजोडीत स्वीकारले की 166 चा दावा संपतो. घाईत सही केलेल्या कुटुंबाला हे सहसा नंतर कळते.

कागदपत्रे: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू असल्यास इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा व शवविच्छेदन अहवाल, वाहनाचे आरसी व विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, दवाखान्याची बिले व डिस्चार्ज कार्ड, अपंगत्व प्रमाणपत्र, वयाचा व उत्पन्नाचा पुरावा, वारसांचे आधार, बँक पासबुक. पगारपत्रक नसलेल्या मजुराने मुकादमाची हजेरी किंवा बँकेतल्या जमा नोंदी द्याव्यात.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर 2022 च्या ‘हिट अँड रन’ भरपाई योजनेतून मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमीला 50,000 मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणात नव्हे, तर महसूल कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. अपघातातला माणूस त्याच कामावरचा मजूर असेल, तर कर्मचारी भरपाईचा कायदा (आधी 1923 चा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 2020) किंवा मोटार वाहन कायदा, यांतून एकच निवडावा लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.